एरंडीची पेंड

पिशवीवर गुलाबाचं चित्र,
खाली छापलेलं : सेंद्रिय.
वसमत रोडच्या नर्सरीतून पाच किलो आणली,
आळ्यात मुठीनं टाकली, वर माती ओढली,
हात नाकाशी नेला तर
आई टाळूवर थापायची त्या तेलाचा वास.

मुनीम त्याच रात्री उकरत बसला.
मुनीम कुणाचाच नाही. तीन घरची भाकर खातो,
वेळ चुकवत नाही, म्हणून मुनीम.
त्याला काय ठाऊक, झाडाचं ताट कुठलं, आपलं कुठलं.

पहाटे नळापाशी ओकत पडलेला.
नुजहतनं ओढणीत उचलला, मी स्कूटी काढली.
गुरांच्या दवाखान्यात आमच्या आधी एक म्हैस.
गव्हाणे डॉक्टर सलाईन लावता लावता :
"काय खाल्लं?"
"काही नाही, खत. सेंद्रिय आहे."
त्यांनी मान वर केली नाही.
"ताई, नागबी सेंद्रियच असतोय की."

चौथ्या दिवशी त्यानं पेज चाटली.

उरलेली पेंड फेकावी कुठं?
उकिरड्यावर बाकीची कुत्री.
पत्र्याच्या डब्यात घातली, झाकणावर वरवंटा.

गुलाब मात्र असे फुटलेत
की जाणारे-येणारे थांबतात,
काय घालता, विचारतात.
मी सांगते. ओकारीसकट सांगते.

मुनीम येतो अजून, भाकरीच्या वेळेला,
फाटकाबाहेर बसतो.
तुकडा पुढे धरला
की आधी माझ्या बोटांचा वास घेतो,
बराच वेळ.