काढू नये

खैरनार रिटायर होऊन दोन वर्षं झाली
तेव्हा कुठे त्यांच्या खणाची किल्ली सापडली.
आत पित्ताच्या गोळ्या, एक मोजपट्टी,
आणि तळहाताएवढा तो कॉम्प्युटर,
काडीसकट, रबरबँडनं बांधलेला.
पाठीत मेमरी कार्ड. त्यावर बॉलपेननं,
त्यांच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात:
सिस्टिम. काढू नये.

त्र्यंबक रोडच्या ऑफिसात दुपारभर चार्जिंगला लावला.
साडेचारला उठला,
उठला तो आत्ताच जन्मल्यासारखा.
ही फुली टोचा, म्हणाला. आता ही. आता मधली.
कुठल्या गावी राहता, विचारलं;
यादीत नाशिक नव्हतं, मी कोलकाता म्हटलं.
तारीख एक जानेवारी. सालाचं तर विचारूच नका.

ह्या जातीच्या यंत्राचं असंच असतं.
बॅटरी पार संपली की पोटातलं सगळं जातं,
कार्डावरचं तेवढं राहतं.
कार्डावर तीन दुरुस्त्या होत्या, कंपनीकडून आलेल्या:
एक घड्याळाची, एक काडीच्या नेमाची,
तिसरी कशाची ते कंपनीलाच ठाऊक.
एकेक चढवली. पट्टी सरकली, भरली. बंद. पुन्हा चालू.
आता काडी टोचेन तिथंच टोचते,
घड्याळ रेंगाळत नाही.
इतकं निर्दोष ते नवं असतानाही नसेल.

आणि नोंदी: शून्य.
अकरा पावसाळे होळकर पुलाखालचं पाणी,
छत्री मानेत अडकवून, तासातासाला टिपलेलं.
शून्य.

फोन केला. मागे म्हसरूळचा कुणी भाजीवाला ओरडत होता.
"अगं, ते रोज म्हणायचं, जागा नाही, जागा करा.
एक दिवस केली जागा.
नोंदी आत ढकलल्या, दुरुस्ती कार्डावर ठेवली.
म्हटलं, यंत्र धड राहिलं तर नोंदी काय, होतच राहतील."
मग जरा थांबून,
"रजिस्टरला आहेत तशा. वाळवीनं ठेवल्या असतील तर.
नाहीतर दुतोंड्या मारुतीला विचार.
त्याला बॅटरी लागत नाही."

संध्याकाळी घाटावर गेले.
धरणातून थोडं सोडलं होतं, मारुतीच्या घोट्याला पाणी.
दोन तोंडं असून एकानंही बोलत नव्हता.
शेजारी एक मुलगा स्कूटर धूत होता,
फेस त्याच पाण्यात.
मी लिहिलं: घोटा.
मग खोडून, मीटरमध्ये.
कुठे ठेवू, यंत्रानं विचारलं. कार्डावर, म्हटलं.
जागा नाही, म्हणालं.

ते उजवीकडे कललेलं अक्षर अंगठ्याखाली झाकून
मी घड्याळाची दुरुस्ती काढली.
पुढच्या वेळी बॅटरी संपली की
घड्याळ पुन्हा रेंगाळेल, तारीख चुकेल.
चुकू दे.
चुकीच्या तारखेखाली
पाणी बरोबर असेल.