गुंजभर कमी

सेलमहून विट्याला परतलो तेव्हा
माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या:
छातीत भट्टीचा खोकला,
आणि काचेच्या पेटीतला सोन्याचा काटा,
ज्याला शेजारच्या खोलीतली शिंकसुद्धा कळायची.

जोतीराम सुभेदारांना काटा हवा होता.
"त्याला घिऊन ये," म्हणाले, "तूबी ये हवं तर."

रेणावीच्या डोंगरातून तेव्हा डुकरं उतरायची,
भुईमुगाचे वेल उलटे करून जायची.
सुभेदारांकडे परवान्याची रायफल होती,
काडतुसं मात्र ते स्वतः भरायचे,
वापरलेली पितळी टोपणं पुन्हा पुन्हा,
वहिनींच्या शब्दांत, "घागरीला कल्हई करावी तशी."

खिडकी बंद. कंदील लांब, कोनाड्यात.
माझी विडी उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली.
वहिनी ओसरीवरून ओरडल्या,
"दोघं म्हातारे दारू घेऊन बसल्यात, कुणी आलं तर काय सांगू?"
"खरं तेच सांग," सुभेदार म्हणाले.

मेजावर तीन डबे.
एकात बारीक, खसखशीसारखी.
एकात आखूड काड्या, शेवया मोडून ठेवल्यागत.
तिसऱ्यात काळी, चकचकीत, सगळ्यांत देखणी,
आणि डब्यावरचा कागद उंदरांनी खाल्लेला.

"ही खसखस तापट.
लांब नळीत घातली
तर गोळी हलायच्या आधीच हिचं भांडण सुरू."
"आणि ही?"
"ही सबुरीची. गोळीच्या मागं मागं जाती,
नळीच्या तोंडापतोर हात सोडत न्हाई.
लेक नांदाया निघाली की बाप वेशीपतोर जातो, तशी."

मी तिसऱ्या डब्याकडे बोट केलं.
म्हटलं, चिमूटभर जाळून बघू.
आम्ही सोनं तसंच ओळखतो,
खोटं धुरात जातं, खरं मुशीच्या तळाशी बसतं.

सुभेदार हसले नाहीत.
"उघड्यावर सगळ्याच गरीब गड्या, भुर्रकन जळत्यात.
कोंडल्यावर स्वभाव कळतो.
तुझं सोनं चुकलं तर गिऱ्हाईक वरडतं.
हितं चुकलं तर वरडायला जबडा ऱ्हात न्हाई."

मग खसखशीचं झाकण लावून तो डबा
त्यांनी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.
मेजावर एका वेळी एकच.

एका पारड्यात माझ्या गुंजा, लाल, काळ्या डोळ्यांच्या,
दुसऱ्यात चमच्याच्या टोकावरून काड्या, एकेक.
काटा मधोमध थांबला की मी मान हलवायचो,
आणि सुभेदार दर वेळी
एक गुंज उचलून बाजूला ठेवायचे,
तेवढ्या काड्या परत डब्यात.
"पुस्तकातलं माप दुसऱ्याच्या बंदुकीचं हाय.
आपली अजून बोलली न्हाई. खालनं चढायचं."

गुंजभर जास्त निघावं म्हणून
मी तीस वर्षं भट्टी फुंकली होती.

पहाटेपर्यंत वीस काडतुसं झाली.
तिसरा डबा त्यांनी परसात नेला,
कढीलिंबाच्या बुडाशी पातळ पसरला, वर दोन बादल्या पाणी.
"नाव न सांगणाऱ्याला घरात घ्यायचं न्हाई.
पर उपाशीबी ठिवायचं न्हाई."

त्या रात्री भुईमुगात डुक्कर आलं, चांगलं हाताच्या अंतरावर म्हणावं असं.
त्याच्या मागे, लांब, कुणाच्या तरी वस्तीवरचा दिवा.
सुभेदारांनी बराच वेळ नेम धरला,
आणि वीसच्या वीस काडतुसं घरी आणली.

पुढे शिकारीवर बंदी आली.
पुढे दर निवडणुकीला रायफल ठाण्यात जमा व्हायची,
एका निवडणुकीनंतर ती आणायला सुभेदार राहिले नाहीत.

काटा माझ्याकडेच आहे. एक गुंज कुठे हरवली, सापडत नाही.

त्यांच्या परसातला कढीलिंब कौलांच्या वर गेलाय,
सगळी आळी पानं नेते.
वहिनी अजून विचारतात,
"त्या डब्यात व्हतं तरी काय?"

सुनेनं परवा आमटीला फोडणी दिली.
पान तेलात पडलं, तडतडलं,
आणि मी, नकळत,
पाट जरा मागे सरकवला.