हे पाणी नाही

सोपान भिलारे निवृत्त झाले त्या दिवशी
शाल झाली, बटाटेवडे झाले, भाषणं झाली.
मग मला बाजूला घेऊन त्यांनी किल्ली दिली
पिवळ्या कपाटाच्या तळकप्प्याची.

आत एकच बाटली, प्लास्टिकची.
आतलं आम्ल काच खातं.
लेबलावर कवटी, सूत्र, कंपनीचं नाव,
आणि खाली भिलाऱ्यांचं ठसठशीत बॉलपेन:
हे पाणी नाही.

मी नवी डॉक्टरेट. मला हसू आलं.
त्यांनी डाव्या हाताची करंगळी पुढे केली,
एक पेर कमी.
"थेंबभर उडालं होतं. झोंबलंसुद्धा नाही.
घरी गेलो, जेवलो, मॅच बघितली.
रात्री दोनला हाड बोलायला लागलं."

हे ओरडत नाही, मॅडम. गुपचूप आत शिरतं,
चुना हुडकत.
म्हणून आधी धो धो नळ,
मग ही ट्यूब, चोळत राहायची दवाखान्यापर्यंत.
त्याला जे पाहिजे ते हिच्यात आहे.
दारातच जेवू घालायचं,
घरात घ्यायचं नाही.

आज कस्तुरे आला, उदगीरचा,
एकच हातमोजा घालून.
"पाचच मिनिटं, मॅडम. शुक्रवारी पेपर पाठवायचाय."
मी ट्यूब उलटी केली. मुदत मार्चमध्येच संपलेली.
माझीच चूक, पण ते नंतर.
कपाटाला कुलूप घातलं.

तो काही बोलला नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
पाषाणहून सदाशिव पेठेत गेला, भर उन्हात,
तीन दुकानं नाही म्हणाली, चौथ्यानं उद्या या सांगितलं.
उद्या म्हणजे उद्या.
शुक्रवार हुकणार बहुतेक.

डोळे धुण्याचा नळ सोडून ठेवला,
गंजाचं पाणी जाईपर्यंत.
अपघात नोंदवहीत तारीख घातली,
पुढे रेघ.
काहीच घडलं नाही, याची
कुठे बढती मिळत नाही.

भिलाऱ्यांना फोन करावासा वाटला.
करून काय सांगणार,
कस्तुरेची दहाही बोटं शाबूत आहेत म्हणून?

घरी येऊन माठातलं पाणी घेतलं,
पेला दिव्यासमोर धरला.
आई म्हणाली, "काय गं, काही पडलंय का?"

नाही.
पाणीच आहे.