पांढऱ्यावर पांढरं

हानुसचा फोन आला तेव्हा मी
एका बटणाचे कोपरे गोल करत होते.
चार पिक्सेल की सहा,
एवढाच त्या दिवशीचा माझा प्रश्न.

"बोट आलीच नाही," तो म्हणाला.
आवाज चढला नव्हता. त्या बेटावर
चढवलेला आवाज वाराच नेतो.
स्वीनॉयच्या धक्क्यावर दीड तास,
सोबत विकायला काढलेला एडका
आणि दुखरी दाढ.
"तुमच्या पानावर तर काहीच नव्हतं."

होतं.
सकाळी सहालाच टाकलं होतं: आजची फेरी रद्द.
क्रोममध्ये लालभडक, फायरफॉक्समध्ये लाल,
माझ्या फोनवर, रान्व्हाच्या फोनवर लाल.

टॅबलेट कुठला? लेकीनं दिलेला.
लेक डेन्मार्कला गेली कधी?
तो मोजत राहिला.
गोठ्याचं छप्पर उडालं, त्याच्या आदल्या वर्षी.

रान्व्हानं कपाटातून तसलाच एक शोधून काढला.
तासभर चार्जिंग, मग पान उघडलं.
वेळा जागेवर, भाडं जागेवर,
मधे हातभर कोरी पट्टी.
तिथं बोट दाबून धरलं तशी
निळ्या उजेडात अक्षरं वर आली:
आजची फेरी रद्द.

लाल रंगाला मी नाव दिलं होतं.
एकदा ठेवायचं, शंभर ठिकाणी हाक मारायची.
या म्हाताऱ्या ब्राउझरला नावं कळत नाहीत.
न कळलेली ओळ तो सोडून देतो,
कुरकुर नाही, कुणाला सांगणं नाही,
आणि पुढची वाचतो.
पुढची होती: अक्षरं पांढरी.
तेवढी त्यानं इमानानं पाळली.

लिहिण्याला म्हणतात पांढऱ्यावर काळं करणं.
मी सबंध सकाळ
पांढऱ्यावर पांढरं करून बसले होते.

दुरुस्ती एका ओळीची.
नावाच्या आधी साधा रंग, आकड्यांत.
नवे ब्राउझर तो वाचतात नि विसरतात,
जुना तिथंच थांबतो.
"इतकंच?" रान्व्हा म्हणाली.
इतकंच. फक्त साधी ओळ आधी हवी.

आठवड्यानं पुन्हा वादळ.
टोर्सहाव्हनच्या खिडकीवर खारट पाणी आपटत होतं.
या वेळी फोन मीच केला. दिसतंय का?
"चष्मा सापडत नाहीये," हानुस म्हणाला,
"पण काहीतरी लाल आहे.
म्हणजे आज नाही ना?
थांब, एडक्याची दोरी सोडून येतो."

मी थांबले. पलीकडे दार वाजलं,
मग बराच वेळ नुसता वारा.
बटणाचे कोपरे अजून चारच आहेत.