अडीच दिवस

लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर
पट्टी धरून मी वसूचे अडीच दिवस आखले.
अकरा वर्षांनी येत होती बडोद्याहून,
तेही ऐन नवतपात.
कोणी येतं का बाप्पा अशा उन्हात नागपूरला?
पण ऋचाच्या सुट्ट्या तेव्हाच.

सव्वासहाला तर्री-पोहे.
सात दहाला दीक्षाभूमी.
साडेनऊच्या आत रामटेक, चढायला बावीस मिनिटं,
उतरायला बारा, माकडं धरून पंधरा.
खिंडसीत बोट.
दुपारी रमण विज्ञान केंद्र, कारण तिथे एसी.
सूर्यास्ताला फुटाळा, रात्री सावजी
(तिखट कमी सांगणे).
दुसऱ्या दिवसाला जागा पुरेना
म्हणून अदासा आणि अंबाझरी
समासात उभे लिहिले.

एकही रकाना मी मोकळा सोडला नाही.
मोकळ्यात काय येऊन बसेल
ते मला ठाऊक होतं:
आईच्या पाटल्या,
माझ्या नावाच्या लॉकरमध्ये,
दोनच्या दोन्ही.

पहिला दिवस झाला.
म्हणजे गाडीची दारं उघडली आणि लागली.
रामटेकला ऋचाने विचारलं,
"मामा, हे आधीचं की नंतरचं?"
फुटाळ्यावर सूर्य आमच्याआधीच बुडून गेला होता,
तरी मी बरोबरची खूण केली.
सावजीच्या रश्श्यावर वसूचे डोळे वाहिले.
मी म्हटलं, तिखट.
ती म्हणाली, हो, तिखटच.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी
सीताबर्डीत तिच्या चपलेचा अंगठा तुटला.
मी घड्याळ पाहिलं.
खांबाला बांधलेल्या ताडपत्रीखाली मोची बसला होता,
डोक्यावर ओला दुपट्टा.
"दुसरी घे ना, समोरच दुकान आहे," मी म्हटलं.
"काऊन घाई करून राहिले जी?" तो म्हणाला,
"बसू द्या ना बाईंले. चांगली चप्पल आहे."

खोक्यावर त्याने गोणपाट टाकलं. वसू बसली,
अनवाणी पाय तापल्या रस्त्यावरून वर उचलून,
अजनीच्या क्वार्टरमध्ये फरशी पुसताना
उचलायची तसा.
टाचेला भेगा होत्या.
ह्या कधी पडल्या?

टोचा आत गेला, दोरा बाहेर आला.
ऋचा पलीकडे उसाचा रस पीत होती.
वसू रस्त्याकडे बघत म्हणाली,
"पाटल्या विकल्यास ना तू?"
"नाही."
"मला वाटलं विकल्यास.
म्हणून फोन करत नाहीस."
मला वाटत होतं तीच करत नाही,
पाटल्यांसाठी.
हे मी बोललो की नुसतं मनात म्हटलं
आता आठवत नाही.

मोच्याने दोरा दातांनी तोडला.
वीस रुपये, म्हणाला.
वसू तरी उठली नाही. मग मीही बसलो,
गोणपाटाच्या उरलेल्या टोकावर.
महाराजबाग, अदासा, अंबाझरी
समोरून ऑटोंमधून निघून गेले.

घरी येऊन कूलरमध्ये नळी सोडली.
वाळ्याच्या ओल्या वासात
तिघं चटईवर आडवे झालो, दिवसाढवळ्या.
कूलर खडखडत होता,
एक पाय आखूड आहे त्याचा, कधीपासूनचा.
वसूने माझ्या खिशातून पत्रिका काढली,
न विचारता चार घड्या घातल्या
आणि पायाखाली सारली.

आवाज थांबला नाही.
थोडा कमी झाला.