कुठून कुठलोक

बिनाकीच्या शाळेत गजभिये सरांनी
आम्हा एकतीस जणींची उंची भिंतीवर मांडली होती,
शिसपेन्सिलीच्या एकतीस रेघा, एकीवर एक नाही.
कुंदा आणि मी सारख्या भरलो तेव्हा
त्यांनी चपला, रिबिनी काढायला लावल्या,
पुन्हा मोजलं, आणि एका सुताने
मी खाली उतरले.

शनिवारी सकाळी कवायत.
रांग उंचीची नसायची.
चिठ्ठ्या काढायच्या, जिला जो आकडा तिथं ती,
म्हणजे पौनीकरांची ताडमाड वच्छला तिसरी
आणि तिच्या बगलेखाली, चौथी, कोणीही.
मग सर शिट्टी तोंडातून काढून विचारायचे:
सातवी ते तेरावी. मधली कोण?
मधली म्हणजे रांगेतली मधली नव्हे.
उंचीने मधली. तीन तिच्याहून उंच, तीन बुटक्या.
विषमच विचारायचे.
सम विचारलं की मधल्या दोन निघतात
आणि भांडण सरांच्या टेबलापर्यंत जातं.

आम्ही टाचा वर करून माना मोजायचो.
तुळसा हेडाऊ मोजायची नाही.
तिच्याजवळ चिंचोके होते, फोडलेले,
एक अंग पांढरं, एक काळं.
एक पोरगी मनात धरायची, समजा रेहाना,
आणि रांगेच्या क्रमाने मातीत मांडत जायची,
रेहानाहून उंच तिथं पांढरं, बुटकी तिथं काळं,
रेहानाच्या जागी नुसतं बोट.
पांढरी जास्त झाली तर उत्तर रेहानाच्या वर,
काळी जास्त तर खाली,
आणि पांढऱ्याने काळं फिटलं, काही उरलं नाही,
तर रेहानाच.

पुढची रेघ धरायची तर सगळं मोडायचं नाही.
रेहानाच्या जागी काळं ठेवायचं,
वरचीच्या जागचं पांढरं उचलायचं,
बाकीची रांग होती तशी.
बाप मागावर, आई कांड्या भरायची;
एक धागा तुटला म्हणून कोणी लुगडं उसवत नाही
हे तिला घरातच कळलं होतं.
मग तिने वहीत बेरजाच ठेवल्या, एकेकीच्या नावाने.
तेरावीपर्यंतच्या बेरजेतून सहावीपर्यंतची वजा.
प्रार्थना संपायच्या आत सगळा हिशेब तयार.

सहल गेली झिरो माइलला.
चार घोडे, खांब, थंडीतही तापलेला दगड.
सर म्हणाले, हा देशाचा मध्य.
तुळसाने विचारलं, "कुठून कुठलोक, सर?"
सर हसले. मग हसायचे थांबले.
"तेव्हाच्या नकाशात," म्हणाले,
आणि आम्हाला बोरं घेऊन दिली.

मी कितीदा तरी मधली झाले.
एकतिसांतली सोळावी,
पूर्ण रांग विचारली की मीच,
काही न करता.
तुळसा म्हणजे भिंतीवरची सगळ्यांत खालची रेघ.
तिच्या नावाने मांडलं की सगळे चिंचोके पांढरे.
सगळी उत्तरं तिची,
पण ती कधी उत्तरात नाही.
हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.
तिच्या वहीत ते पहिल्याच पानावर होतं.

मार्चातला शेवटचा शनिवार. सरांची बदली काटोलला.
शिट्टी खिशात होती. त्यांनी विचारलं,
एकोणिसावी ते एकोणिसावी.
आम्हाला वाटलं, चुकले. कोणीतरी खुदकन हसलं.
तुळसाने चिंचोके काढलेच नाहीत.
वाकली, मातीवर नुसतं बोट टेकवलं,
आणि वर्षात पहिल्यांदा
उत्तराला उशीर लावला.
"मी," म्हणाली.

तेवढ्यात रांगेच्या मधून वच्छला,
भिंतीवरची सगळ्यांत वरची रेघ,
जिला आम्ही वर्षभर ताड, ताड म्हणत होतो:
"अन् मले? मले बी इचारा ना, सर."
सरांनी खिशातून चिठ्ठी काढली,
चष्मा नव्हता, लांब धरून वाचली.
बाविसावी, म्हणाले.
बाविसावी ते बाविसावी.