पाव वळसा

सगुण फळदेसाईच्या मांगरात ती नऊ वर्षं उभी होती.
खाणी बंद पडल्या त्या साली तिच्यावर ताडपत्री पडली,
ताडपत्रीखाली, सीटवर, कोंबडीनं अंडी घातली
आणि उबवलीही.
"बाई, ही घेऊन तू करशील काय?"
मी महागाई भत्त्याची थकबाकी मोजत होते.
म्हटलं, आधी कोंबडीला विचार.

राजदूत तीनशेपन्नास. दोन सिलिंडर,
दोन कार्बोरेटर, दोन सायलेन्सर,
बॅटरी मेलेली.

केप्याला, कुशावतीच्या काठी, काइतानचं गॅरेज:
झावळ्यांचं छप्पर, फणसाचा ओंडका,
ओंडक्यावर पाने, माझ्या शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे,
लहान पुढे, उंच मागे.
गाडीला हात लावण्याआधी तो तिच्याभोवती चालतो,
मग बसतो, मग बराच वेळ काहीच करत नाही.

पहिले दोन रविवार उजवा सायलेन्सर धूर सोडत राहिला.
गिअरचं तेल कमी होत होतं
आणि खाली तांबड्या मातीत थेंब नाही.
मी नट आवळले, भेगा शोधल्या,
रात्रभर इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवला.
सकाळी पुठ्ठा कोरा.
काइतान हसला, "भितरल्या भितर पियेता गो ती."
क्रँकचं सील गेलं होतं.
बाहेर न सांडता पिणारे त्यानं घरातच पाहिलेत,
म्हणाला, आणि पुढे बोलला नाही.
एप्रिल होता. अख्ख्या डोंगराला बोंडांचा वास.

सील कुरियरनं आलं. गॅस्केट आम्ही कापलं
माझ्या पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेतून.
'आपले आगमनाभिलाषी' तेवढं क्लचच्या झाकणात गेलं,
अजून तिथेच असेल, तेलात.

मग पॉइंट. फटीत सिगारेटचा तलम कागद,
चाक सुतासुतानं फिरवायचं, कागद अलगद ओढत राहायचं.
सुटला की तीच वेळ ठिणगीची.
डाव्याचा कागद वेगळा, उजव्याचा वेगळा.
हे सगळं तो मलाच का करायला लावतो
हे मला कार्बोरेटरपर्यंत कळलं नाही.

एअर फिल्टर काढून त्यानं दोन्ही तोंडं उघडी केली,
आपली बोटं माझ्यापुढे धरली.
टोकांना जुने चटके, एक ताजाही,
त्याला पत्ता नसलेला.
"गोडें मूत. बोटांक कांयच कळना म्हाका.
तुजीं घाल."

त्यानं थ्रॉटल धरला, अगदी हळू पीळ दिला.
मी डोळे मिटून एकेक बोट आत.
पितळ थंड. उजवी स्लाइड उठली.
डावी उठली, पण नंतर.
मागच्या बाकावरचं ते पोर हजेरीला उठतं ना,
शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर, तसं.
दहा नंबरचा पाना, पाव वळसा.
पुन्हा. अजून निम्मा पाव.
नदीपलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं
आणि माझी दोन बोटं एकदम उचलली गेली.

बाळ्ळीपर्यंत मी तिला जपून नेलं.
करमल घाटात कदंबाची बस मागे पडली,
तिसरा गिअर, काटा पाचावर,
आणि दोन आवाजांतली शिवण दिसेनाशी झाली.
खांदे आपोआप खाली आले. वळणं येत होती,
मी त्यांच्यात झुकत होते, चोपन्नाव्या वर्षी,
साडी सोडून, थोरल्या भावाच्या पँटमध्ये.
काणकोणला चहा घेतला. भांडं रिकामं होईतो
तिच्याकडेच पाहिलं.

परतताना काइतानच्या दारावरून गेले,
मुद्दामच, कमी वेगात, ऐटीत.
तो सोप्यावर बसला होता, डोळे मिटून,
बशीत एक बिस्किट.
मला वाटलं, हात हलवेल.
त्यानं डावा हात वर केला,
त्यातलं एकच बोट.

मी थांबले. इंजिन बंद केलं.
डिकीतून दहाचा पाना काढला.